कच्चा चांद

संकष्टीच्या दिवशी वर्ध्याजवळच्या हिंगणीतल्या आमच्या घरात सकाळपासून कोणी मोठ्याने बोलत नसे. आई तशी रागीट नव्हती, पण त्या दिवशी तिच्या पोटात अर्ध्या कप चहाखेरीज काही नसायचं, आणि उपाशी माणसाशी हुज्जत घालू नये एवढी अक्कल आम्हां सगळ्यांना होती. गल्लीतल्या बाकीच्या बाया साबुदाण्याची उसळ खात, भगर खात, वर दाण्याची आमटी ओरपत आणि 'आज उपास हाय' म्हणून सुस्कारे टाकत. आईला ते पटत नसे. "दोन वाट्या उसळ खाऊन कायचा उपास वो?" असं म्हणून ती दिवसभर कामाला जुंपलेली राही. चार वाजले की चूल पेटे. तुरीचं घट्ट वरण, कोहळ्याची भाजी, भात, आणि सगळ्यात शेवटी तळणीचे मोदक. तळणाचा वास कौलांतून वर जाई आणि बोर धरणाच्या जंगलातून आलेली वानरं समोरच्या चिंचेवर बसून आमच्या स्वयंपाकघराकडे टक लावून बघत. आई म्हणे, "त्याहिले बी आज चतुर्थी हाय."

बाबा पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. कालव्याचं पाणी किती वाजता सोडलं, किती वाजता बंद केलं, याच्या नोंदी ठेवणारा माणूस. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी टुक्-टुक् वाजे तेव्हा ते मनगट डोळ्यांसमोर धरून घड्याळ लावून घेत, आणि त्या क्षणी घरात कोणी शिंकलं तरी त्यांना खपत नसे. गल्लीत इतरही घड्याळं होती, पण त्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. म्हणून संकष्टीला आठ-दहा बाया ताटं घेऊन आमच्याच अंगणात जमत. पूर्वेला मोकळं शेत, त्याच्या पल्याड पळसाची रांग, चंद्र तिथूनच वर येई. आत भिंतीवर सेलूच्या किराणा दुकानदाराने दिलेलं कॅलेंडर होतं आणि त्यात चतुर्थीच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असे, 'चंद्रोदय मुं.' आणि पुढे वेळ. हे 'मुं.' म्हणजे मुहूर्त. गल्लीत शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. 'मु'वरचं टिंब छापखान्याचं आहे की माशीचं, याची चौकशी कोणी कधी केली नव्हती.

गंमत अशी, की चंद्र त्या वेळेच्या बराच आधी निघालेला असे. पळसांच्या मागून तांबडाजर्द, मोठाच्या मोठा वर येई आणि आमच्या अंगणातल्या सगळ्या बाया चटकन त्याच्याकडे पाठ करून बसत. कारण तो कच्चा चांद. कच्च्या चांदाला ओवाळायचं नाही, अर्घ्य द्यायचं नाही, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग हळूहळू तो वर चढे, तांबड्याचा पिवळा होई, पिवळ्याचा पांढुरका होई, आणि साधारण त्याच सुमाराला बाबा घड्याळातून मान वर करून म्हणत, "झाला." म्हणजे चांद पिकला. मग सगळ्या एकदम उठत, चंद्राकडे वळून ताम्हनं पुढे करत. कॅलेंडर, घड्याळ आणि चंद्राचा रंग या तिन्ही गोष्टी इतक्या छान जुळत होत्या की शंका घ्यायला जागाच नव्हती. मी पुढे एकतीस वर्षं वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. चुकीची गोष्टसुद्धा किती नीटनेटकी असू शकते हे वर्गात सांगताना मला दरवेळी ते अंगण आठवे.

मी नववीत होते त्या वर्षी कोजागिरीनंतरच्या चतुर्थीला आई पडली. दिवसभर कापूस वेचायला आलेल्या बायांना पाणी दे, त्यांच्या लेकरांकडे बघ, असं चाललेलं होतं. संध्याकाळी मोदक तळले आणि ताट घेऊन ती अंगणात आली. कच्चा चांद वर येऊन दहा-बारा मिनिटं झाली असतील. सगळ्या पाठ करून बसलेल्या. आई उभी होती, कारण बसले तर उठवणार नाही असं तिला वाटत होतं, हे तिने नंतर सांगितलं. मग ताम्हनाचा आवाज झाला. पायरीची कड लागून तिची भुवई फुटली होती. तोंडावर पाणी मारलं, शेजारच्या शेंडे काकूंनी हळद दाबून धरली, मी गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला, तर शुद्धीवर आल्या आल्या तिने दात घट्ट मिटले आणि विचारलं, "झाला का मुहूर्त?" बाबा म्हणाले, "अजून आठ मिनिटं." आणि ती आठ मिनिटं ती फुटलेल्या भुवईनिशी, उपाशी, पायरीला टेकून बसून राहिली. समोर शेतावर चंद्र चांगला हातभर वर आलेला होता. मला त्या रात्री आईचा राग आला, बाबांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या चंद्राचा आला.

सेलूच्या डॉक्टरांनी सांगितलं, इतका वेळ पोट रिकामं ठेवायचं नाही, पुन्हा पडाल. बाबा म्हणाले, उपास सोडून दे. आई म्हणाली, "सोडाचा राह्यला असता तं धरला कायले असता? देवासंग बोलली मी." विषय संपला. पुढची चतुर्थी महिन्यावर होती आणि मी त्या दिवसाच्या धास्तीने आतापासूनच दिवस मोजत होते.

त्याच दिवसांत वर्गात एका दुपारी मी भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर वाचत बसले होते. पुस्तक नाही, कव्हर. आम्ही जूनमध्ये गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची गुळगुळीत पानं काढून पुस्तकांना घालत असू, आणि माझ्या भूगोलाच्या वाट्याला अगदी शेवटचं पान आलं होतं. राशिभविष्याच्या खाली, एका चूर्णाच्या जाहिरातीच्या डोक्यावर, एक ओळ होती: कॅलेंडरातील सर्व वेळा मुंबईच्या (मुं.) आहेत. मी ती ओळ तीनदा वाचली. मग कव्हरच्या आतलं पुस्तक उघडलं, कारण त्यातच दोन धड्यांपूर्वी होतं की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. नकाशाच्या पुस्तकात मुंबई पाहिली, बहात्तर अंश पन्नास मिनिटं. वर्धा पाहिलं, अठ्ठ्याहत्तर अंश सदतीस. पावणेसहा अंशांच्या वर थोडंसं. गुणाकार केला. तेवीस मिनिटं. आमच्याकडे चंद्र मुंबईच्या तेवीस मिनिटं आधी उगवतो, आणि आमची गल्ली मुंबईचा चंद्र निघेपर्यंत हिंगणीच्या चंद्राकडे पाठ करून बसते! आई पडली तेव्हा तिचा उपास कधीच संपलेला होता. मला वर्गातच रडू फुटलं. बाईंनी विचारलं काय झालं, तर मी सांगितलं, पोट दुखतंय.

घरी येऊन आधी बाबांना सांगितलं. त्यांनी कव्हर हातात घेतलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, माझा गुणाकार तपासला. गुणाकारात चूक सापडली नाही याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असावं. "हिशोब बरोबर हाय," ते म्हणाले. "पण आता गल्लीले काय सांगू? का इतके वर्सं तुमी चुकून राह्यल्या होत्या, अन् घड्याळ घेऊन मी बी चुकून राह्यलो होतो?" आणि ते हातपाय धुवायला गेले. आज मला त्यांचं कळतं. ज्याच्या 'झाला'वर अख्खी गल्ली उठते, त्याला ते पद सोडणं सोपं नसतं. तेव्हा मात्र मी पाय आपटत स्वयंपाकघरात गेले.

आई कोहळं कापायला बसली होती. मी ते तिच्या हातातून काढून घेतलं. देठ वर केला, मधोमध सालीत दोन लवंगा शेजारी शेजारी टोचल्या, डावीकडची मुंबई आणि उजवीकडची हिंगणी. फडताळावर पेटती चिमणी ठेवली, तो चंद्र. "हे पाह्य," म्हटलं, "ही धरती. ही अशी फिरते." आणि मोठ्या ऐटीत मी कोहळं फिरवलं. आईने नीट बघितलं. चौथी शिकलेली बाई, पण बघण्यात हयगय नाही. "अवं कुंदे," ती म्हणाली, "मुंबईच्या लवंगीवर उजेड आधी पडला नं. मंग तं आपल्यालेच थांबा लागन." माझ्या तोंडचं पाणी पळालं. खरंच मुंबईवर आधी पडला होता. म्हणजे सगळा हिशेब उलटा? आई विळीवरून उठून माझ्या बाजूला आली. "सूर्य कोणीकडून निंगते?" तिने विचारलं. म्हटलं, पूर्वेकडून. "मंग धरती त्याच्याकडं जात असन तवाच तो आधी तिकडच्याले दिसन. तू उलटं फिरवून राह्यली." तिने माझे हात धरून कोहळं दुसऱ्या बाजूने फिरवलं, आणि उजेड आधी हिंगणीच्या लवंगीवर पडला, मग जरा वेळाने मुंबईच्या. एकतीस वर्षांत मी कितीतरी पृथ्वीगोल फिरवले, पण पृथ्वी कुठल्या बाजूला फिरते हे मला माझ्या आईने शिकवलं आहे, हे मी इथे नोंदवून ठेवते.

पण पटलं म्हणजे मानलं असं नाही. आई म्हणाली, "कोहळ्याचं समजलं. मंग तो कच्चा काऊन राह्यते? लाल?" मी सांगितलं, उगवताना चंद्राचा उजेड जमिनीलगतच्या जाड हवेतून, धुळीतून आपल्यापर्यंत येतो म्हणून तो लाल दिसतो, वर चढला की हवा पातळ होते, मग पांढरा. "हे तू म्हणतं," आई म्हणाली. "देवाचं हाय, अंदाजानं नाई करत. विमलले लिही."

विमलमावशी मुंबईला, चेंबूरला राही. मी पोस्टकार्डावर मावतील तेवढ्या बारीक अक्षरांत तिला लिहिलं की येत्या कार्तिकातल्या चतुर्थीला गच्चीवर जा, चंद्र किती वाजता निघाला ते घड्याळात बघ आणि तो कसल्या रंगाचा होता तेही कळव. मधल्या महिन्यात मी स्वतः वही केली. पौर्णिमेपासून रोज संध्याकाळी ओसरीवर उभी राहून चंद्राची कड दिसली की ओरडायची, "बाबा, किती वाजले?" आणि बाबा आतून मिनिटासकट वेळ सांगत. कशाला पाहिजे, हे एकदाही विचारलं नाही. रोज चंद्र आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येत होता. पुस्तकात कारण दिलेलं होतं, चंद्र स्वतःही पृथ्वीभोवती पूर्वेकडे सरकतो. मी ते आईला वाचून दाखवलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे आपण एक चक्कर मारून येतो तंवर तो समोर गेलेला राह्यते. मंग त्याले गाठाले अजून थोडंसं फिरा लागते." यापेक्षा सोप्या शब्दांत मला ते पुढेही कधी सांगता आलं नाही. त्या कार्तिकातल्या चतुर्थीला आईने पुन्हा बाबांच्या 'झाला'ची वाट पाहिली. मी तिला पाटावर बसवून ठेवलं आणि ती तेवीस मिनिटं तिचं मनगट धरून बसले.

आठ दिवसांनी मावशीचं पोस्टकार्ड आलं. आधी तब्येत, मग नळाला पाणी येत नाही, आणि मग कोपऱ्यात: 'कुंदाने सांगितल्याप्रमाणे गच्चीवर गेले होते. खाडीच्या बाजूला कॅलेंडरातल्या वेळेवरच चंद्र निघाला, एखाद-दोन मिनिटं इकडेतिकडे. लालभडक होता. आम्ही सगळ्यांनी तेव्हाच ओवाळलं.' आईने ते मला दोनदा वाचायला लावलं. 'लालभडक' पाशी बोट ठेवून तिने विचारलं, "हे लिवलं हाय?" म्हटलं, हो. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "म्हंजे मुंबईवाले कच्च्याच चांदाले ओवाळतात. त्याहिले चालते अन् मलेच काऊन नाई?"

मार्गशीर्षातली चतुर्थी मंगळवारी आली. अंगारकी. त्या दिवशी आमचं अंगण भरून गेलं, कारण वर्षभर उपास न करणाऱ्याही अंगारकीला करत. कॅलेंडरात होतं मुं. ९.०४. मी आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आठ एक्केचाळीस, पळसांमुळे फार तर दोन मिनिटं इकडेतिकडे. दुपारी तिला एकदा गरगरलं होतं. तिने ते बाबांपासून लपवलं, माझ्यापासून लपलं नाही. बाबा ओसरीच्या खांबाला टेकून, मनगट कंदिलाकडे धरून उभे होते. मी पायरीवर. आठ त्रेचाळीसला पळसांच्या मागे विस्तव पेटावा तसं झालं आणि चंद्राची तांबडी कड वर आली. बायांनी सवयीने पाठी फिरवल्या. मला आईकडे बघायचा धीर होईना. ती उठली नसती तर मी काहीच करू शकले नसते. वही होती, पोस्टकार्ड होतं, पण ते सगळं घरातलं होतं. इथे बाहेर गल्ली होती.

आई उठली. ताम्हन घेतलं आणि चंद्राकडे तोंड करून उभी राहिली.

"अवं बाई, कच्चा हाय अजून!" शेंडे काकू दचकून म्हणाल्या. "कॅलेंडरात नऊ वाजून चार लिवलं हाय नं?"

"ते मुंबईचं लिवलं हाय," आई म्हणाली. "हिंगणीचं माही कुंदा सांगते."

सगळ्यांनी एकदम बाबांकडे पाहिलं. मीही. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग शेताकडे, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर कचेरीत एखादा मोठा कागद सही करण्याआधी असेल तसा भाव होता. घसा साफ करून ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हिंगणीचा झाला. मुंबईचा व्हाचा हाय. ज्याले जो पाह्यजे तो घ्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग एक उठली, मग दुसरी, आणि अंगणात ताम्हनांचा आवाज सुरू झाला. हातपाय धुऊन मनापासून देवाला नमस्कार करणाऱ्या त्या बाया त्या तांबड्या चंद्राला पहिल्यांदाच समोरून बघत होत्या. एकजण म्हणालीसुद्धा, "वा वो, केवढा साजरा दिसते हा!" इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागेच उगवत होता बिचारा. शेंडे काकू मात्र हलल्या नाहीत. त्या नऊ वाजून चारपर्यंत पाठ करून बसल्या आणि बाबाही त्यांना सोबत म्हणून खांबाला टेकून उभे राहिले. काकूंनाही त्यांचा 'झाला' हवाच होता. मला आयुष्यात पुढे थोडेफार मान मिळाले, एकदोन शालीही मिळाल्या. पण माझं नाव घेऊन आई चंद्राकडे वळली त्या क्षणी छाती जशी भरून आली तशी नंतर कधी आली नाही. आता तर मोबाईलमध्ये गावाचं नाव टाकलं की चंद्रोदय मिनिटासकट येतो, आणि नातवंडं मला ते मोठ्या कौतुकाने दाखवतात. मी म्हणते, छान आहे हो.

आई आत आली. मी पाट मांडला, ताट वाढलं. वरणातून अजून वाफ निघत होती. एरवी तिच्या वाट्याला ते गार झालेलंच यायचं. तिने पहिला घास घेतला, डोळे मिटून गिळला, आणि लगेच दुसरा कालवला. बाहेरून शेंडे काकूंच्या बांगड्यांचा आवाज येत होता, त्या अजून मुंबईची वाट बघत होत्या. आईने अर्धा भात संपवला आणि एकदम विचारलं, "कुंदे, दर महिन्याले तेवीस मिनिटं. लग्नाले सतरा वर्सं झाले. कितीक झाले?"

मी चुलीजवळच्या राखेत बोटाने गुणाकार केला. अधिक महिने सोडून दिले. "चार हजार सहाशे ब्याण्णव मिनिटं," म्हटलं. "अठ्ठ्याहत्तर तास."

"दिवस सांग."

"सव्वातीन."

आईचा घास हातातच राहिला. सव्वातीन दिवस, सव्वातीन रात्री, पोटात अन्नाचा कण नाही. तिने एकदा कॅलेंडरकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि रिकामं होत आलेलं ताट माझ्याकडे सरकवलं.

"वाढ," ती म्हणाली.